‘औषध चालू हाय, मग पोरगं बोलत का नाही वो?’ : टिमथी सिंड्रोमचं एक प्रकरण

मुलगा, वय सुमारे दोन वर्षं. दोन्ही हातांची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी कातडीने एकमेकांना जुळलेली. पायांचं दुसरं-तिसरं बोटही तसंच. घरच्यांचं मागणं एकच, बोटं सुटी करून द्या. गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जांबोटीच्या पलीकडे. इथली माणसं दवाखान्यासाठी कधी बेळगाव धरतात, कधी चोर्ल्याचा घाट उतरून गोवा, कधी चंदगडमार्गे कोल्हापूर. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने मुलाचं नाव लिहून घेतलं आणि शस्त्रक्रियेसाठी बेळगावला धाडलं.

आधीच सांगतो, हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. मुलगा आणि घर कुणा एकाचं नाही. लक्षणं, तपासण्या आणि त्यामागचं विज्ञान मात्र वैद्यकीय साहित्यात नोंदलेलंच घेतलं आहे. असा आजार जगातच फार थोड्या मुलांत सापडला आहे, मग त्यावर इतकं लिहायचं कशाला, असं कुणी विचारेल. एकाच चॅनलच्या (पेशीच्या पटलावरच्या, कॅल्शियम आत घेणाऱ्या वाटेच्या) एकाच बिघाडाने बोटं, हृदय आणि बोलणं अशी तीन वेगळी दारं कशी अडतात हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून.

नोंद

आईचं हे दुसरं बाळंतपण. आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाचे ठोके फार कमी लागले म्हणून घाईने सिझेरियन झालं. जन्मल्यावर ठोके सावरले आणि तो विषय मागे पडला. बाळाच्या डोक्यावर केस नव्हते, नाकाचा दांडा चपटा होता. पहिल्या महिन्यात एकदा अंग थंड पडून बाळ सुस्त झालं होतं, तेव्हा रक्तातली साखर खाली गेलेली सापडली. दात उशिरा आले, बारीक आले, आणि येतानाच किडल्यासारखे दिसत होते. दोन वर्षांचा झाला तरी तोंडात एकही शब्द नाही. नावाने हाक मारली तर वळत नाही. डब्याचं झाकण मात्र तासन्‌तास फिरवत बसतो.

आज्जीचं निदान पक्कं होतं. ‘गरवारपणात गिराण पाळलं नाही हिनं, मूठ मिटून बसली असंल.’ आपल्या भागात बोटं जुळली, ओठ फाटला की दोष ग्रहणावर आणि तिथून आईवर जातो. हे वाक्य केसपेपरावर कुणी लिहीत नाही, पण लिहायला हवं. कारण पुढे जनुकीय अहवाल आला तेव्हा या घरात त्याचा पहिला उपयोग औषध ठरवायला झाला नाही, आईवरचा हा आरोप उतरवायला झाला.

प्रत्येक लक्षण सुटं पाहिलं तर साधंच. जुळलेली बोटं, उशिरा बोलणं, वाईट दात, एकदा खाली गेलेली साखर. गर्भात बोटं सुटी होतात ती साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात, मधल्या पडद्यातल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात म्हणून. त्या मेल्या नाहीत की बोटं जुळलेली राहतात, आणि बहुतेक मुलांत त्यापुढे काही नसतं. म्हणून बोटं पाहून कुणी हृदयाकडे जात नाही.

इथे गेला तो भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेआधी नाडी मोजताना ती वयाच्या मानाने निम्मी लागली, म्हणून त्याने ईसीजी मागवला. अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) ठोका नेमाने पडत होता, पण दर दुसराच ठोका निलयापर्यंत (खालच्या कप्प्यापर्यंत) पोचत होता. क्यूटी अंतर, म्हणजे निलय आवळून पुन्हा मोकळं व्हायला लागणारा वेळ, इतकं लांबलेलं, की निलय मोकळं होतानाची टी लहर संपायच्या आत अलिंदाची पुढची पी लहर येऊन बसलेली. ठोका अडत होता तो वाहक तंतू तुटले म्हणून नव्हे, निलय अजून मागच्या ठोक्यातून मोकळं झालं नव्हतं म्हणून. शस्त्रक्रिया त्याच दिवशी रद्द झाली. टिमथी सिंड्रोमची काही मुलं अशीच ओळखली गेली आहेत, बोटांच्या शस्त्रक्रियेसाठी भूल देताना. त्यातल्या काहींच्या बाबतीत टेबलावर हृदय थांबायची वेळ आली. माझं मत स्पष्ट आहे: तीन बोटं जुळलेल्या मुलाला भूल देण्याआधी ईसीजी काढायचा. खर्च चहा-फराळाइतका, आणि पट्टी वाचायला पाच मिनिटं.

एक अक्षर

या आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली २००४ साली. इगोर स्प्लाव्स्की, मार्क कीटिंग आणि सहकाऱ्यांनी १७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचा क्यूटी लांब, सगळ्यांची बोटं जुळलेली. नाव दिलं कॅथरीन टिमथी यांचं, कारण अशा मुलांच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. १७ पैकी १० मुलं दगावली होती, सरासरी वय अडीच वर्षं. ज्यांचा डीएनए मिळाला त्या सगळ्यांत एकच बदल सापडला. बाराव्या गुणसूत्रावरच्या सीएसीएनए१सी जनुकात एक अक्षर बदललेलं, आणि त्यामुळे प्रथिनातल्या ४०६व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन.

हे जनुक कॅव्ह१.२ नावाचा कॅल्शियम चॅनल बनवतं. पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब बदलला की हा चॅनल उघडतो, कॅल्शियम आत घेतो आणि लगेच मिटायला लागतो. मिटण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक विद्युतदाबाने, दुसरी आत आलेल्या कॅल्शियमच्याच धाकाने. ४०६व्या जागेचा बदल पहिली तऱ्हा जवळजवळ मोडतो, दुसरी बरीचशी शाबूत राहते. परिणाम असा की चॅनल मिटायचं विसरत नाही, पण फार उशिरा मिटतो. हृदयाच्या पेशीत तेवढ्या उशिराने प्रत्येक ठोक्याची विद्युतलहर ताणली जाते. तोच ईसीजीवरचा लांब क्यूटी.

या मुलाचं आणि आई-वडिलांचं रक्त तपासलं. बदल मुलात होता, दोघांतही नव्हता. म्हणजे तो नव्याने घडलेला. तपासणी मागवणाऱ्यांसाठी एक सूचना करून ठेवतो. या जनुकाचा आठवा तुकडा पेशी दोन पर्यायी रूपांत वापरते, एक्सॉन ८ किंवा एक्सॉन ८ए. ज्यांची बोटं जुळतात त्या मुलांतला बदल ८ए मध्ये असतो. म्हणून रक्त पाठवण्याआधी प्रयोगशाळेला विचारावं, तुमच्या चाचणीत ८ए वाचला जातो का. ‘जनुक नॉर्मल’ असा अहवाल हातात आला आणि तो तुकडा वाचलाच गेला नव्हता, असं होऊ नये. या दोन रूपांची गोष्ट पुढे मेंदूत परत येते, आणि तिथे ती फार महत्त्वाची ठरते.

बापाचा प्रश्न

प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. हे औषध बिघडलेल्या चॅनलला हात लावत नाही. भीती, रडणं, ताप अशा वेळी ॲड्रेनलिनचा जो धक्का हृदयाला बसतो तो ते हलका करतं. मूल घरी गेलं, परत आलं, मधल्या काळात झटका नाही, बेशुद्धी नाही. घरातल्यांच्या जिवात जीव आला. मग बापाने विचारलं, ‘डॉक्टर, दोष एकच म्हणता. हृदयाचं औषध चालू हाय, मग पोरगं बोलत का नाही वो?’

या प्रश्नाला ‘मेंदूचा विकास मंद आहे’ असं उत्तर देऊन फाईल मिटवता येते. बहुतेक ठिकाणी तसंच होतं. पण प्रश्न अचूक आहे. चॅनल तोच, बदल तोच, तर हृदयाला दिलेली सवलत मेंदूला का मिळू नये?

हृदयाच्या पेशीत कॅल्शियम येतं, स्नायू आवळला जातो, कॅल्शियम बाहेर काढलं जातं, संपलं. पुढच्या ठोक्याला सगळं नव्याने. वाढत्या चेतापेशीत मात्र कॅल्शियम दुसरंही एक काम करतं. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोचवतं आणि कोणती जनुकं चालू ठेवायची, कोणती बंद करायची हे ठरवण्यात भाग घेतं. तिथे झालेला बदल त्या क्षणापुरता राहत नाही. पेशी कोणत्या जातीची होणार, कुठे जाऊन बसणार, किती फांद्या काढणार, हे त्यातून ठरत जातं.

चेतापेशीच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी कमी राखलेलं असतं, साधारण १०० नॅनोमोलर. बाहेर ते एक मिलिमोलरच्या वर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. एवढ्या उतारामुळे थोडेसे चॅनल क्षणभर उघडले तरी आतलं प्रमाण झटकन चढतं. निरोप पाठवायला इतकी सोयीची व्यवस्था दुसऱ्या आयनाकडे नाही. १९८६ साली मायकेल ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी चेतापेशींसारख्या पेशी उत्तेजित करून दाखवलं की काही मिनिटांत सी-फॉस नावाचं जनुक चालू होतं, आणि बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तर होत नाही. पेशीच्या पटलावरची हालचाल जनुकापर्यंत पोचते, आणि इतक्या लवकर, हे तेव्हा नवं होतं.

पोचते कशी? चेतापेशीत कॅल्शियम चॅनलच्या बऱ्याच जाती असतात. चेतासंधीवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, रसायन सोडायचं काम मुख्यतः पी/क्यू आणि एन या जाती करतात. कॅव्ह१.२ एल जातीचा. संख्येने तो कमी, पण जनुकांना निरोप देण्यात त्याचा वाटा संख्येच्या मानाने फार मोठा. त्याच्या शेपटीला कॅल्मॉड्युलिन हे छोटं प्रथिन चिकटलेलं असतं. कॅल्शियम आत आलं की पहिल्यांदा ते यालाच भेटतं. मग कॅम-कायनेज-२ या विकराचा एक प्रकार कॅल्शियम धरलेलं कॅल्मॉड्युलिन घेऊन केंद्रकात जातो. तिथे कॅम-कायनेज-४ जागं होतं आणि क्रेब या प्रथिनाच्या १३३व्या सेरीनवर फॉस्फेट बसवतं. फॉस्फेट बसलेला क्रेब सीबीपी नावाच्या साथीदाराला ओढून घेतो, आणि जनुकाचं वाचन सुरू होतं. सी-फॉस लगेच. चेतापेशी जगवणारं, फांद्या फुटायला मदत करणारं बीडीएनएफ जरा मागाहून. याशिवाय मॅप-कायनेजचा एक संथ मार्ग आहे, तो निरोप बराच वेळ टिकवून धरतो. फॉस्फेट काढणाऱ्या कॅल्सिन्यूरिन या विकराचा आणखी वेगळा, तो एनफॅट या प्रथिनाला केंद्रकात जाऊ देतो, पण कॅल्शियम चढलेलं आहे तोवरच. उतरलं की एनफॅट बाहेर.

२००१ साली रिकार्डो डोल्मेच आणि ग्रीनबर्ग यांच्या गटाने एक नेटका प्रयोग केला. त्यांनी चॅनलच्या शेपटीची कॅल्मॉड्युलिन धरणारी जागा बिघडवली. कॅल्शियम आत येतच राहिलं, पण क्रेबला टिकून जागं ठेवणारा निरोप ढासळला. म्हणजे पेशीत किती कॅल्शियम आलं एवढ्यावर भागत नाही. ते कुठून आलं, आणि आल्या आल्या त्याला कोण भेटलं, हेही लागतं. माझ्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच.

आणि वेळ. हारुहिको बितो, कार्ल डायसेरोथ आणि रिचर्ड त्सिएन यांनी १९९६ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाच्या) पेशींत पाहिलं, की थोडक्या उत्तेजनाने क्रेबवर बसलेलं फॉस्फेट लवकर पुसलं जातं, आणि लांबलेल्या उत्तेजनाने ते टिकतं, तेव्हाच जनुकं नीट चालू होतात. पुसण्याचं काम कॅल्सिन्यूरिनच्या साखळीतून होतं. एकच आयन, पण चढ-उताराच्या तालावरून पेशी निरोप ओळखते. बापाला हे सांगताना एसटीतल्या कंडक्टरच्या घंटीचा दाखला द्यावा. एक टण म्हणजे थांबा, दोन टण म्हणजे चला. दोरी ओढल्यावर घंटी लवकर थांबलीच नाही तर ड्रायव्हरला एक आणि दोन यातला फरक कळेनासा होतो. घंटी मोडलेली नाही, आवाज चोख आहे, तरी गाडी चुकीच्या जागी थांबते.

पोटातल्या मेंदूत

हे सगळं डोळे उघडण्याआधी, आवाज ऐकण्याआधी सुरू होतं. वाढत्या मेंदूत बाहेरून काही येत नसतानाही चेतापेशींत कॅल्शियमच्या लहरी आपोआप उठतात. शिवाय मोठेपणी पेशींना गप्प करणारं गॅबा हे रसायन कोवळ्या चेतापेशींना उलट चेतवतं, कारण त्यांच्या आत क्लोराइड जास्त साठवलेलं असतं. त्या चेतण्याने एल जातीचे चॅनल उघडतात. निकोलस स्पिट्झर यांच्या गटाने बेडकाच्या गर्भातल्या मेरुरज्जूवर दाखवलं, की या लहरी दाबल्या तर जास्त पेशी चेतवणारं रसायन बनवू लागतात आणि वाढवल्या तर दाबणारं. चेतापेशी कोणत्या रसायनात बोलणार, हा तिच्या ओळखीचा मोठा भाग, आणि त्यात लहरींचा हात आहे.

आता त्या दोन रूपांकडे. वाढीच्या सुरुवातीला मेंदूच्या सालीतल्या (बाहेरच्या थरातल्या) पेशी एक्सॉन ८ए जास्त वापरतात आणि पक्व होताना ८ कडे सरकतात. जॉर्जिया पानायोटाकोस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये टिमथी सिंड्रोममधल्या पेशींवर काम करून दाखवलं, की तिथे हे सरकणंच अडखळतं. बदल ८ए मध्ये आहे हे आठवा. म्हणजे बिघडलेलं रूप ज्या काळात सगळ्यात जास्त वापरात असतं, तो काळ पेशी आपली जात ठरवत असतात तोच. हृदयाला हा बिघाड प्रत्येक ठोक्याला छळतो. मेंदूला तो सगळ्यात नाजूक वेळी गाठतो, आणि ती वेळ हा मुलगा जन्मण्याआधी बरीचशी उलटून गेली होती.

माणसाच्या गर्भातल्या मेंदूत डोकावता येत नाही, मग हे कळलं कसं? सर्ज्यू पाश्का, डोल्मेच आणि सहकाऱ्यांनी टिमथी सिंड्रोम असलेल्या मुलांच्या कातडीच्या पेशी घेतल्या, त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेलं आणि त्यांतून चेतापेशी वाढवल्या. २०११ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. या चेतापेशी उत्तेजित केल्या की कॅल्शियम निरोगी पेशींपेक्षा जास्त चढत होतं. हालचालीमुळे चालू होणाऱ्या जनुकांचा नकाशा बदललेला होता. मेंदूच्या सालीच्या खालच्या थरातल्या आणि दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या जातीच्या पेशी कमी भरत होत्या. डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन बनवायला लागणारं एक विकर अनेक पेशींत जादा होतं. रॉस्कोव्हिटिन या रसायनाने ते उतरलं, पण ते प्रयोगशाळेच्या बशीत.

२०१७ मध्ये याच गटाने मेंदूच्या दोन भागांसारखे पेशींचे गोळे वेगवेगळे वाढवून एकमेकांना चिकटवले आणि एका भागातून दुसऱ्यात जाणाऱ्या पेशींची चाल पाहिली. गॅबा बनवणाऱ्या या पेशी उड्या मारत पुढे सरकतात. टिमथीच्या पेशी जास्त वेळा उडी घेत होत्या, पण प्रत्येक उडी आखूड. एकूण अंतर कमीच पडत होतं. मेंदूतला चेतवणं आणि दाबणं यांचा तोल या पेशी वेळेवर जागेवर पोचण्यावर अवलंबून असतो. स्वमग्नता (ऑटिझम) या आजारातही दिसते, आणि तिच्या इतर कारणांतही या तोलाचा संशय घेतला जातो.

इथे एक खिळा मारून ठेवावा लागेल, नाहीतर गोष्ट जास्तच गुळगुळीत होते. २०१३ मध्ये असं दिसलं की टिमथीच्या चेतापेशींच्या फांद्या हालचाल वाढली की आखडतात, आणि हे आखडणं कॅल्शियम आत येण्यावर अवलंबून नाही. चॅनलचा आकार बदलल्याने त्याला धरून असलेली दुसरी प्रथिनं सुटतात आणि फांद्यांचा सांगाडा ओढला जातो. म्हणजे या आजारातलं सगळंच ‘जास्त कॅल्शियम’ नाही. चॅनल हा नुसता मार्ग नसतो, तो स्वतःही एक प्रथिन असतो, आणि इतर प्रथिनं त्याला धरून उभी असतात. कॅल्शियम अडवणारं औषध दिलं की मेंदू सरळ होईल, ही आशा या एका निष्कर्षाने बरीच लंगडी पडते.

बापाला दिलेलं उत्तर या सगळ्यातून निवडून, थोडकं असायला हवं. हृदयाचं औषध आजच्या ठोक्याला सांभाळतं. बोलण्याच्या पेशी जिथे घडल्या ती वेळ बाळ पोटात असतानाची. ते काम परत मांडता येत नाही, पण उरलेला मेंदू अजून शिकतो आहे, त्याला शिकवणं आपल्या हातात आहे. ‘पूर्ण बरा होईल’ असं म्हणायचं नाही, आणि ‘काही उपाय नाही’ असंही नाही. दोन्ही खोटं.

घरी काय पाठवलं

पहिला घोळ झाला तो दुधावरून. कॅल्शियमचा आजार म्हटल्यावर घरात दूध आणि नाचणीची आंबील बंद झाली होती. शेजारच्यांनीही तसाच सल्ला दिला. हे ताबडतोब थांबवावं लागलं. मुलाच्या रक्तातलं कॅल्शियम चोख होतं. बिघाड आहे तो पेशीच्या पटलावरच्या चॅनलमध्ये, ताटात नाही. उलट रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं तर त्यानेच क्यूटी आणखी लांबतो. ज्या मुलाचा क्यूटी आधीच ताणलेला आहे त्याचं दूध तोडणं म्हणजे धोका हाताने वाढवणं. कॅल्शियमचं टॉनिकही नको, दूधबंदीही नको. जेवण घरच्यांसारखं.

उपाशी ठेवायचं नाही. या मुलांची साखर खाली जाते, आणि प्रोप्रॅनोलॉल लहान मुलांत ती आणखी खाली नेऊ शकतं, वर धडधड आणि थरथर ही साखर पडल्याची खूणही झाकतं. ताप-उलटीच्या दिवशी, जत्रेला जाताना, उपासाच्या घरात, मुलाने खाल्लं का हे विचारायची जबाबदारी एकाच माणसावर टाकली. आज्जीवर. तिने ती फार मनावर घेतली.

औषधांची यादी हा सीमाभागातला खास प्रश्न. उलटीला ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डोमपेरिडोन, खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन, ही आपल्याकडे सहज मिळणारी, सहज दिली जाणारी औषधं क्यूटी लांबवतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली आणि फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधंही त्याच वाटेची. हे मूल तापलं तर रात्री कुठे नेलं जाईल हे सांगता येत नाही. खानापूरला गेलं तर नर्स कन्नड वाचणार, चंदगडला गेलं तर मराठी, गोव्यात इंग्रजी. म्हणून एकाच कार्डावर तिन्ही भाषांत निदान, टाळायची औषधं आणि ‘भूल देण्याआधी हृदयतज्ज्ञाशी बोला’ ही ओळ. कार्ड आईच्या पर्समध्ये, फोटो घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये, कारण पावसाळ्यात त्या पट्ट्यात रेंज असेलच असं नाही.

बोलण्याच्या उपचाराला दुसरी अडचण. उपचार देणाऱ्या ताई कन्नड बोलणाऱ्या, घर मराठी. कुणीतरी सांगून गेलं होतं की मुलाला एकच भाषा ठेवा, नाहीतर गोंधळेल, आणि आईने मोडकं-तोडकं कन्नड बोलायला सुरुवात केली होती. स्वमग्न मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणं मागे पडतं असं दिसलेलं नाही. उलट आई जी भाषा सहज बोलते तिच्यातच ती जास्त बोलते, गाते, रागावते, लाड करते. आईला मराठीत परत आणलं. ताईंना खुणा, चित्रं आणि पाळी-पाळीने खेळणं यावर भर द्यायला सांगितलं, ते भाषेवाचूनही चालतं. अंगणवाडीतल्या बाईंना एवढंच, की नावाने हाक मारून वळला नाही तर त्याला बहिरा किंवा हट्टी समजू नका, समोर जाऊन बोला.

पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न आईने नाही, मामाने काढला. बदल नवा घडलेला असल्यामुळे पुन्हा होण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. आई किंवा बापाच्या थोड्याच पेशींत तो लपलेला असू शकतो आणि रक्तात दिसत नाही. अशी घरं नोंदली गेली आहेत. पुढे दिवस राहिले तर गर्भाची जनुकीय तपासणी आणि गर्भाच्या ठोक्यांवर नेमाने लक्ष, हे आत्ताच लिहून दिलं. आज्जीच्या समोर हेही सांगितलं, की हा बदल बीजात किंवा गर्भ राहण्याच्या सुमाराला घडला, ग्रहणाच्या कितीतरी आधी. ती काही बोलली नाही. पण पुन्हा कधी ग्रहणाचं नाव काढलं नाही.

बापाच्या फोनवर एका नातेवाइकाने बातमी पाठवली होती, टिमथी सिंड्रोमवर इलाज सापडला. बातमीला आधार आहे. २०२४ मध्ये पाश्कांच्या गटाने लहान डीएनएसदृश तुकडे वापरून पेशींना ८ए ऐवजी ८ वापरायला लावलं. बिघाड ८ए मध्ये असल्याने रूप बदललं की बिघडलेला चॅनल बनणंच कमी होतं. माणसाच्या चेतापेशींचे गोळे उंदरांच्या मेंदूत रुजवून तिथेही हे करून दाखवलं. कॅल्शियमचा चढ दोन्हीकडे सुधारला, आणि प्रयोगशाळेच्या बशीत पेशींची चालही. कल्पना सुरेख आहे. पण ती उंदरांत रुजवलेल्या पेशींवरची आहे, मुलांवरची नाही. मुलांत कधी द्यायचं ठरलं तर कोणत्या वयात, किती, आणि हृदयावर काय परिणाम होईल, हे सगळं आधी सोडवावं लागेल. बापाला बातमी पुसायला सांगितली नाही. ती जपून ठेवा, पण तिच्या भरवशावर आजचं औषध चुकवू नका, असं सांगितलं.

बोटांची शस्त्रक्रिया नाकारलेली नाही, पुढे ढकलली आहे. ती लहान मुलांच्या हृदयाची भूल जाणणारं पथक आणि बाहेरून ठोके देण्याची सोय असलेल्या ठिकाणीच करायची. आधी एका हाताची, करंगळीच्या बाजूची. अवघड निर्णय दुसरा आहे. लय बिघडली तर आपोआप झटका देणारं यंत्र छातीत बसवायचं की नाही. एवढ्या लहान मुलात तारा हृदयाच्या बाहेरच्या बाजूला शिवाव्या लागतात. बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया. यंत्र चुकून झटका देऊ शकतं, आणि हे मूल आपल्याला काय झालं ते सांगू शकत नाही. दुसरीकडे, घरापासून यंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता जंगलातला आहे आणि पावसात तो किती वेळ घेईल याचा भरवसा नाही. फक्त औषधावर राहायचं ठरलं तर त्या रस्त्याचा वेळ हिशोबात धरावा लागतो. माझा कल यंत्राकडे आहे. बापाने सुगीनंतर बोलू म्हटलं आहे, आणि तोवर दर भेटीला ईसीजी, उपाशीपोटी नाही, आणि कार्ड सोबत.